पेटी दाराबाहेर

हॉलमध्ये भिंत घालायची हे मी एका रविवारी सकाळी ठरवलं आणि कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती भिंत आज उभी नसती. पण विचारलं असतं तर त्या शनिवारी घरात जे झालं तेही झालं नसतं, म्हणून ह्यात माझी चूक किती हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझा स्वभाव तापट आहे. डोक्यात एकदा तिडीक गेली की मी मागचापुढचा विचार करत नाही.

आमचा हॉल वीस फूट लांब. करी रोडची आमची चाळ पाडली आणि तिच्याच जागी टॉवर झाला, तेव्हा बाराव्या मजल्यावर हे घर मिळालं. पस्तीस वर्षं आम्ही एका खोलीत काढलेली, त्यामुळे पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आता हयसर क्रिकेट खेळा." पाहुणे खास हॉल बघायला यायचे. बेडरूम मात्र एकच. तिथे कॉटवर सासूबाई आणि खाली गादीवर मी, कारण त्यांना उठायला-बसायला हात द्यावा लागतो. हॉलमध्ये दिवाणावर आमचे हे. आणि मागचे पाच महिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली गादी घालून, आमची लेक.

लेक तीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी लग्न करून कल्याणला दिली. जावयाने हात उचलला. एकदा उचलला तेव्हा तिने आम्हाला सांगितलंच नाही. दुसऱ्यांदा उचलला त्या दिवशी ती दादरच्या ऑफिसातून संध्याकाळी परत कल्याणला गेली नाही, सरळ आमच्या दारात आली. हातात फक्त ऑफिसची बॅग. मी तिला जवळ घेतलं, जेवायला वाढलं, जावयाला फोनवर नको नको ते बोलले. इथपर्यंत सगळं बरोबर केलं मी.

आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी विचारलं, "लेक आलीय वाटतं?" तर माझ्या तोंडून फटकन निघालं, "हो ना, ऑफिसात काम वाढलंय हो. कल्याणहून रोजची धावपळ झेपत नाही तिला. राहील थोडे दिवस." झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा एकीला सांगितलं की सगळ्यांना तेच सांगावं लागतं. भाजीवालीला तेच, माझ्या गिरगावच्या बहिणीला तेच, विरारला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराला तेच. घरातले तीन मोठे आणि ती, एवढ्यांनाच खरं माहीत.

आता टॉवर झाला तरी माणसं चाळीतलीच. आमच्या मजल्यावर सगळी जुनी बिऱ्हाडं शेजारीशेजारी आहेत आणि दिवसभर सगळ्यांची दारं उघडी. बेल वाजवायची पद्धत नाही. विरजण मागायला येणारी सरळ आत येते आणि रिकामी जागा दिसेल तिथे टेकते. रिकामी जागा म्हणजे माझ्या लेकीची गादी. सुट्टीच्या दिवशी पोर बिचारी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली असेल तर तिच्या पायाशी बसून गप्पा. "जावई नाही दिसले ते? भांडणबिंडण नाही ना?" आणि वर हसायचं.

लेक उठायची, बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. अर्धा अर्धा तास पाणी वाहतंय. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, टाकी रिकामी होईल! ऐकू येत नाही का?" उत्तर नाही. हल्ली तिला दोन-तीनदा हाक मारावी लागायची. मला वाटायचं, मुद्दाम करते, माझ्यावर रागावलीय.

त्या रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या गादीवर न ठेवता बॅगेत ठेवत होती.

"आई, पुढच्या रविवारी मी जाते."

"कुठे?"

"कल्याणला. सासूबाईंचा फोन आला होता. झालं गेलं विसर म्हणाल्या."

मी म्हटलं, "वेडी आहेस का तू? परत मारलं तर?"

ती घडी घालत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, तिथे बेडरूमला दार आहे. तो कामावर गेला की मी ते लावून बसायचे. इथे मला एकटीला बसायचं तर नळ सोडावा लागतो."

पोटच्या पोरीला मार खाण्याची जागा बरी वाटायला लागली, का, तर तिथे दार आहे. मी तिथल्या तिथे म्हटलं, "तुला दार हवं ना? रविवारपर्यंत तुला दार देते मी. दिलं नाही तर जा."

आमच्या ह्यांना सांगितलं. ते पेपरमधून वर न बघता म्हणाले, "बघू."

"काय बघू? खिडकीकडचा आठ फुटांचा तुकडा वेगळा करायचा, प्लायवूडची भिंत घालायची, दार बसवायचं. तीन दिवसांचं काम."

"धाकट्याला विचारायला लागेल ना. घर आईच्या नावावर आहे. हॉल त्याचाही आहे."

हे खरं होतं. घर सासूबाईंचं, मुलगे दोन. बेडरूम आम्ही वापरतो ह्याबद्दल भावोजी कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण हॉल सगळ्यांचा हे घरात ठरलेलं. आणि त्याची खूण म्हणजे त्यांची पेटी.

ह्या पेटीचं सांगायला हवं. माझे सासरे मालवणकडून गिरणीत कामाला आले तेव्हा लालबागला गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत राहायचे. वीस-पंचवीस बाप्ये, पाळ्या करून झोपायचे. प्रत्येकाची एक लोखंडी पेटी भिंतीला लावलेली. पेटी आहे तोवर त्या माणसाची मुंबईत जागा आहे. चार महिने गावाला जाऊन आला तरी पेटी असेल तिथे त्याने पथारी टाकायची, कुणी ना म्हणायचं नाही. आणि एखाद्याशी बिनसलं, त्याला खोलीतून काढायचं ठरलं, तर तोंडाने कुणी काही सांगत नसे. त्याची पेटी दाराबाहेर ठेवत. संध्याकाळी पाळीवरून आला की तो समजायचा.

सासऱ्यांनी ही गोष्ट मुलांना शंभरदा सांगितलेली. भावोजी लग्नानंतर विरारला गेले, पण आपली पेटी त्यांनी नेली नाही. चाळीत ती खाटेखाली होती, इथे दिवाणाखाली आली. आत काय आहे मला माहीत नाही, मी कधी उघडली नाही. महिन्यातून एकदा ते आईला भेटायला यायचे, जेवायचे आणि जाताना पाय लावून पेटी थोडी आत सरकवायचे. बस, एवढंच.

मी ह्यांना म्हटलं, "फोन करा मग भावोजींना."

"आणि काय सांगू? भिंत कशाला म्हणून विचारलं तर?"

तिथे आमची गाडी अडली. खरं सांगायचं तर पोरीचं सगळं सांगायला हवं. आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. हो, लाज. आज म्हणवत नाही, पण होती. भावोजींच्या मुलीचं तेव्हा स्थळ बघणं चालू होतं. जाऊबाई विरारच्या सगळ्या नातेवाइकांत बोलतील, मग काय काय निघेल. मी म्हटलं, आधी भिंत उभी राहू दे, मग बघू. "बघू" मीही म्हणायला लागले होते!

लालबागचा एक पार्टिशनवाला ओळखीचा होता. गुरुवारी त्याने मापं घेतली, शुक्रवारी लाकडाची चौकट उभी केली. भिंतीमुळे हॉलमधला खिडकीचा उजेड जाऊ नये म्हणून वरचा दीड फूट काचेचा ठरवला. शनिवारी प्लायवूड ठोकायचं आणि दार बसवायचं. लेकीला शनिवारी सुट्टी. ती बॅग भरून बेडरूममध्ये सासूबाईंच्या कॉटवर बसली होती. दार झालं तर बॅग उघडायची, नाही तर उद्या सकाळी उचलायची, असं आमचं ठरलेलं. ड्रिलचा आवाज तेवढा चालू होता.

दुपारी पार्टिशनवाला म्हणाला, "भाभी, दिवान हटाना पडेगा. ये पेटी किधर रखू?"

हॉलभर भुसा, प्लायवूडचे तक्ते, पाय ठेवायला जागा नाही. माझ्या डोक्यात एकच घोकणं, संध्याकाळपर्यंत दार, संध्याकाळपर्यंत दार. मी म्हटलं, "बाहर रख दो अभी."

त्याने पेटी उचलली आणि दाराबाहेर चपलांच्या स्टँडशेजारी ठेवली. मी बघितलं आणि आत वळले. पस्तीस वर्षं ह्या घरच्या माणसांत काढलेल्या बाईला ते दिसूनही कळलं नाही. म्हणतात ना, विनाशकाले विपरीत बुद्धी.

अर्ध्या तासाने लिफ्टचा आवाज आला. भावोजी महिन्याच्या शेवटी यायचे, त्या महिन्यात आधीच आले. हातात आईसाठी आणलेली केळी. ते दाराबाहेरच थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. मला दिसले तेव्हा ते पेटीकडे बघत होते आणि केळ्यांची पिशवी अजून हातात होती.

राग आला की भावोजींची जीभ गावाला जाते. एरवी आमच्यासारखंच बोलतात.

"वयनी, माझी पेटी भायर कोणी काढल्यान?"

"अहो भावोजी, या ना, काम चाललंय म्हणून जरा..."

"चपलांकडे?"

मी म्हटलं, "आत्ता उचलून घेते." त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतः पेटी उचलली, प्लायवूड ओलांडून आत आले आणि चौकटीत दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत ती ठेवली. बरोब्बर मधोमध. मग तिच्यावर बसले.

"आता लावा दार," म्हणाले.

पार्टिशनवाला ड्रिल हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. आमचे हे पेपर घेऊन उभे. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी काही बोला. ते म्हणाले, "अरे, बसून बोलू." बसायला कुठे होतं? एक पेटी, तिच्यावर भाऊ.

"भिंत कित्याक?" भावोजींनी विचारलं. "भाडेकरू ठेवूचो आसा काय? का माझो संबंध संपलो ह्या घराशी? संपलो तर तोंडान सांगा. बाबांच्या येळेक बाप्ये पेटी भायर ठेवायचे, तसा कित्याक करतात?"

"तसं काही नाही हो! पोरीला अभ्यासाला जागा..."

"अभ्यास? ऑफिसात काम वाढला म्हणून रवली म्हणालात ना?"

बघा, दोन खोटी बोलली की तिसरं सापडत नाही. मी सापडले की ओरडते. तिथेही ओरडले. "माझ्या घरात मी काय करावं ते तुम्हाला विचारून करू का? वर्षातून बारा दिवस येता आणि वाटणी मागता!" वाटणीचा शब्द त्यांनी काढलाच नव्हता. तो मी काढला. त्यांचा चेहरा असा झाला की मला तो अजून आठवला की तोंड लपवावंसं वाटतं. ते पेटीवर आणखी घट्ट बसले.

बेडरूमच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "सांग गो त्येका. किती दिवस झाकतलंस?"

शेजारच्या बायका आवाज ऐकून दारात जमल्या होत्या, दोघी-तिघी तरी. त्यांच्यासमोर? मी मान खाली घातली. पाच महिने जे पोटात धरून ठेवलं ते तिथे सगळ्यांसमोर काढायची माझी छाती झाली नाही. पोरीसाठी डोंगर हलवीन म्हणणारी मी, चार शब्द बोलू शकले नाही.

मग लेक बाहेर आली. खांद्याला बॅग.

"काका, उठू नका," ती म्हणाली. "भिंत नको. मी उद्या सकाळी जाणार होते, आजच जाते. भांडू नका तुम्ही."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या बॅगेकडे, मग माझ्याकडे. आवाज एकदम उतरला त्यांचा. अगदी हळू विचारलं, "काय झाला गो बाय?"

तिने मान फिरवली. उजवा गाल त्यांच्याकडे केला आणि म्हणाली, "काका, ह्या बाजूने बोला. त्या कानाने मला ऐकू येत नाही आता."

मी तिच्या डाव्या कानाकडे बघत होते. पाच महिने ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झोपत होती, उठत होती, जेवत होती. मी तिला दिवसातून दहादा ऐकू येत नाही का म्हणून ओरडत होते. आणि तिला खरंच ऐकू येत नव्हतं. मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं! लोकांना काय सांगायचं ह्यात मी इतकी गुंतलेली की पोरीला काय झालंय हे विचारायचंच राहून गेलं.

"त्याने मारलं?" भावोजींनी विचारलं, ह्या वेळी मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."

"कधी?"

"पाच महिने झाले. त्याच दिवशी इथे आले."

दारातल्या बायका एकेक करून मागे सरकल्या. भावोजी पेटीवरून उठले. माझ्या जवळ आले. मला वाटलं आता हे मला बोलतील, आणि बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "वयनी, माका कोणी सांगूक नाय." त्यांचे डोळे भरले होते. पेटी बाहेर काढली तेव्हा ते रागावले होते, पण रडले नव्हते. आत्ता रडत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं, भावोजी." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले, पेटी उचलली, खिडकीखाली लेकीची गादी होती तिथे नेऊन भिंतीला लावली. "ही हयच रवतली, तिच्या खोलयेत. कोण तिका न्हेऊक इलो तर माका फोन करा." मग पार्टिशनवाल्याला म्हणाले, "चलो भाई, चालू करो. शाम तक होना चाहिए." आणि शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतः तक्ता धरायला उभे राहिले. आमच्या ह्यांनीही पेपर ठेवला एकदाचा आणि दुसरं टोक धरलं. दिवेलागणीला दार बसलं. कडी लावून बघितली तेव्हा ती जरा घट्ट होती, ती भावोजींनीच सैल करून दिली.

रविवारी सकाळी कल्याणहून फोन आला. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तिच्या सासूला सांगितलं की ती येणार नाही, कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहे, आणि तिथून पुढे वकिलाकडे. आमचं दार नेहमीसारखं उघडं होतं. समोरच्या बाई त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आवाज कमी केला नाही.

लेकीने बॅग उचलली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून आतून कडी घातली. मी पोळ्या करायला घेतल्या. दोन झाल्या असतील, तिसरी तव्यावर होती, आणि आतून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कसला. मग कळलं. ती रडत होती. मुसमुसून नाही, मोठ्याने, हंबरडा फोडून, लहानपणी पडली की रडायची तशी. मी तवा तसाच ठेवून धावले. दारावर हात मारणार एवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "रडांदे तिका. तेच्यासाठीच दार केलंस मा?"

मी हात खाली घेतला. गॅसवर पोळी जळल्याचा वास यायला लागला होता, तरी मला तिथून हलवेना. पाच महिने मी मनात म्हणत होते, माझी पोर खंबीर, डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही तिने. अगं बाई, सगळ्यांच्या नजरेसमोर ती काढणार कुठे होती? मी दाराबाहेर फरशीवर बसले आणि ती थांबेपर्यंत बसून राहिले. ती बराच वेळ थांबली नाही.